बापाने दिलेलं वर्ष

"मिरचीचा हात डोळ्याला लावायचा नाही. रडायचं असलं तर आधी हात धू, मग खुशाल रड."

आईने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा धाकटी सात वर्षांची होती, आणि तिने नेमकं उलटं केलं होतं. आई जाऊन आता चार वर्षं झाली. तिचं बरंच काही विसरायला झालं होतं, पण ओळीत बसून पहिली मिरची खुडली की हे वाक्य कानाशी यायचंच.

ऊन नऊ वाजताच टाळूवर बसलं होतं. लाल मिरचीचा दुसरा तोडा चालला होता. पहिल्या तोड्याला अकरा बाया होत्या, आता चार उरल्या होत्या. नदीपलीकडे फळं खोक्यात भरायची शेड निघाली होती. सावलीत उभं राहून करायचं काम सोडून उन्हात कंबर मोडायला कोण येणार? म्हणून वहिनी ओळीत होती आणि वहिनीच्या शेजारच्या ओळीत धाकटी. गोणी उचलणं, वजन करणं, पाणी सोडणं ही पुरुषांची कामं. खुडणं बायांचं. असं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण त्या घरातल्या पुरुषाने आजवर मिरचीचं देठ मोडलं नव्हतं.

"अहो डॉक्टर," मागच्या ओळीतून हाक आली. गावातली बातमी हिच्या तोंडून निघाल्याशिवाय कुणी खरी धरत नसे, म्हणून तिला सगळे रेडिओच म्हणत. "माझ्या गुडघ्याचं काय करायचं ते सांगा की. फी म्हणून दोन मिरच्या देते."

"कापून टाका," धाकटी मान वर न करता म्हणाली.

बाया खिदळल्या. रेडिओ काही मागे हटणारी नव्हती. "कापायला तरी शिकलीस का अजून? का तेही पुढच्या वर्षी?"

"तिला काही बोलू नका हो," वहिनी म्हणाली. "तिचं वर्ष चाललंय."

वर्ष चाललंय, हे त्या घरात आजारपणासारखं बोललं जायचं. गेल्या साली डॉक्टरकीच्या परीक्षेत धाकटीला मार्क बरे पडले होते. बरे म्हणजे असे, की धड आत नाही आणि धड बाहेर नाही. पहिल्या यादीत नाव नव्हतं. दुसरीत नव्हतं. बाजारगावी फॉर्म भरून देणारा केंद्रवाला म्हणाला होता, "उरलेल्या जागांची आणखी एक यादी निघते कधीकधी. निघाली तर फॉर्मवरच्या नंबरवर मेसेज येईल. घरी जा आणि फोन बघत बस." धाकटी दीड महिना रोज संध्याकाळी बापाचा फोन घेऊन बसली. मेसेज आला नाही. कॉलेजं सुरू झाली, आणि तिच्याबरोबरीच्या मुली पांढरे डगले घालून फोटो काढू लागल्या.

मग एके दिवशी बापाने ओट्यावर चारचौघांत सांगून टाकलं, "जाऊ दे. मी तिला एक वर्ष दिलं. पुन्हा बसू दे परीक्षेला." चारचौघांनी माना डोलावल्या. आम्हाला कुणी आठवडा दिला नाही, असं रेडिओ म्हणाली.  धाकटीने त्या दिवशी मनाशी ठरवलं, बापाच्या ह्या उपकाराला कमी पडायचं नाही.

आणि उपकार म्हटला की तो फेडत बसावं लागतं. ठरलं होतं असं, की सकाळी घरचं काम आणि दुपारी जेवणं झाली की दिवस मावळेपर्यंत पुस्तक. मग सुरू झालं 'आजच्या दिवस'. आजच्या दिवस गोणी शिवून घे. आजच्या दिवस वहिनीला बरं नाही. आजच्या दिवस बाया कमी आहेत. सहा महिन्यांत त्या आजच्या दिवसांचीच रास झाली, आणि पुस्तकं कोठीत पोत्यांच्या मागे गेली. पानांच्या कोपऱ्यांवर तांबूस बोटं उमटली होती. हृदयाच्या चित्रावर तर असा अंगठा बसला होता की झडप कुठली आणि डाग कुठला ते कळू नये. पान उलटायला बोट जिभेला लावलं की तोंड पेटायचं. ती आता पेन्सिलीच्या टोकाने पानं उलटायची.

दुपारी आडत्या मिरची बघायला खळ्यावर आला. बापाने त्याच्यासाठी खाट टाकली. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन आली तशी बापाची छाती फुगली.

"ही धाकटी. डॉक्टर होणार आहे. मी तिला वर्ष दिलंय."

आडत्याने एक मिरची मोडली, नाकाशी धरली आणि शिंकला. "वर्षभर काय, बसून असते?"

"छे हो. मिरचीला असते की."

"मग तिनेच तुम्हाला वर्ष दिलं म्हणा."

बाप खो खो हसला. आडत्याही हसला. धाकटी तांब्या धरून उभी होती. हातांची आग झाली की ती गार तांब्याला तळवे लावून ठेवायची, तसे आत्ताही लावले होते. हसावं की नाही हे तिला कळेना. आपल्या मनात राग येतोय ह्याचीच तिला लाज वाटली. देणाऱ्याचा राग धरू नये.

आडत्याच्या गाडीतून दादा गोणी घेऊन बाजाराला गेला. दोनला वीज आली तसा बापाने फोन काढला आणि विहिरीला लावला. दोन वर्षांमागे दादाने हौसेने विहिरीवर फोनवर चालणारी पेटी बसवून घेतली होती. आत एक सिमकार्ड आणि तारांचं जंजाळ. घरून फोन लावला की विहिरीवर पंप सुरू व्हायचा. आज काही झालं नाही. बापाने तीनदा लावला. विहीर गप्प.

"जा ग, पेटी उघडून बघ जरा," तो म्हणाला. "दादाला फोन लाव, तो सांगेल काय करायचं ते. आजच्या दिवस."

धाकटी फोन आणि पेचकस घेऊन बांधाने निघाली. विहिरीचं पाणी तळच्या खडकाला टेकलं होतं. वरून वाकून बघितलं तर पाण्याऐवजी आपलंच डोकं आधी दिसावं, एवढंसं. पत्र्याची पेटी तापली होती. तिने ओढणीने धरून दार उघडलं. आत कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

"तेच ते," फोनवर दादा गाडीच्या आवाजावरून ओरडला. "खरवडून काढ. मग सिम बाहेर घे, पूस आणि परत घाल. होईल सुरू."

तिने माती खरवडली. सिम नखाने बाहेर ओढलं, ओढणीला पुसलं, आणि परत घालायला उलटं केलं.

त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

हा ठिपका वहिनीने दिला होता. फॉर्म भरायचा तेव्हा घरात दोन सिमकार्डं होती, दोन्ही सारखीच दिसणारी. "हे डॉक्टरचं," म्हणून वहिनीने नखं रंगवता रंगवता फॉर्मवरच्या नंबरच्या सिमवर एक थेंब टेकवला होता, आणि सगळे हसले होते. ते सिम बापाच्या फोनमध्ये होतं. असायला हवं होतं.

धाकटी विहिरीच्या कठड्यावर बसली. कठडा चटके देत होता. तिने बापाच्या फोनची पाठ उघडली, बॅटरी काढली. बोटांची टोकं मिरचीने सोललेली, खाचेतलं सिम पकडता येईना. दोनदा निसटलं. शेवटी दाताने ओढून काढलं आणि ठिपक्याचं आत सरकवलं. फोन सुरू व्हायला नेहमीएवढाच वेळ लागला. सिममध्ये साठलेले मेसेज त्याने एकाखाली एक दाखवले.

रिचार्ज संपत आला आहे. मोफत गाणी ऐका. आपणास खालील महाविद्यालयात जागा देण्यात येत आहे, मूळ कागदपत्रांसह तीन दिवसांत हजर राहावे. मोफत गाणी ऐका. मुदतीत हजर न राहिल्याने आपली जागा रद्द करण्यात आली आहे. रिचार्ज संपत आला आहे.

तिने तारखा वाचल्या. परत वाचल्या. ह्याच तारखांना ती ओट्यावर हाच फोन मांडीवर घेऊन बसायची, आणि तिची जागा इथे तीन शेतं पलीकडे पत्र्याच्या पेटीत येऊन पडली होती. तीन दिवस वाट बघून गेली होती. त्यानंतर दादा रोज फोन लावत होता, रोज पंप सुरू होत होता, त्या पाण्यावर मिरची पोसली होती, आणि ती मिरची धाकटी खुडत होती.

विहिरीशेजारच्या हौदात थोडं पाणी होतं. तिने कडेची माती घेऊन हात घासले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, कोपरापर्यंत. आईने सांगितलं होतं तसं. मग ती रडू यायची वाट बघत थांबली. रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तो असा पायातून वर चढत गेला की तिला वाटलं आपण उभ्या आहोत तिथली जमीनच गरम झाली आहे. सिम तिने पेटीत परत घातलं नाही.

बाप खळ्यावर दाताळ्याने मिरची पसरत होता. बाया कुडाच्या सावलीत भाकरी खात बसल्या होत्या.

"झाला का सुरू?"

"हे वाचा," धाकटी म्हणाली आणि फोन पुढे केला.

"मला वाचता येतं का?"

"मग मी वाचते."

तिने मोठ्याने वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं, खणखणीत, तारखांसकट. बायांचे घास हातात राहिले. वाचून झाल्यावर ती थांबली. बाप आता विचारेल, हे काय, कुणाचं, कसली जागा. त्याने काही विचारलं नाही. त्याने दाताळं उलटं केलं आणि दात्यांत अडकलेली एक मिरची काढू लागला. ती निघाली तरी तो काढतच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

"रोपं जळत होती," बाप दाताळ्याला म्हणाला. "पेटीतलं सिम बंद पडलेलं. दादाने माझ्या फोनातलं काढून घातलं, मला घरातलं दुसरं दिलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत."

"मी तुमचं विचारतेय. तुम्हाला कधी कळलं?"

"केंद्रवाला भेटला होता बाजारात. म्हणाला, पोरीला जागा मिळाली होती, पाठवली का नाही? तेव्हा महिना उलटून गेला होता. मग सांगून काय झालं असतं? तू जेवली नसतीस."

"नसते जेवले. आणि मिरचीलाही आले नसते."

"हळू बोल. बाया ऐकतात."

"ऐकू देत की! वर्ष दिलं म्हणून ओट्यावरून ऐकवलंत, तेव्हा हळू बोलला होतात? ते कधी सांगितलंत? केंद्रवाला भेटायच्या आधी, का नंतर?"

बापाने दाताळं जमिनीला टेकवलं.

"आधी का नंतर, बाबा?"

"त्याच दिवशी," बाप म्हणाला. "सकाळी भेटला होता. संध्याकाळी सांगितलं."

धाकटी हसली. ते हसणं ऐकून वहिनी सावलीतून उठून उभी राहिली.

"म्हणजे माझं होतं ते हरवलंत, आणि तेच मला दान म्हणून दिलंत. आणि मी सहा महिने त्या दानाची परतफेड करतेय. आडत्यासमोर, ह्यांच्यासमोर, प्रत्येकाला सांगता, मी दिलं, मी दिलं. तुमच्याकडे होतं काय द्यायला?"

"तोंड सांभाळ. बाप आहे मी."

"म्हणूनच तर दीड महिना तुमचा फोन बघत बसले. केंद्रवाल्याने केंद्रावर येऊन बघ म्हटलं असतं तर एकदा नाही, दहादा जाऊन पाहिलं असतं."

वाऱ्याने खळ्यावरची धूळ उठली आणि सगळे एकदम खोकले. मिरचीच्या खळ्यावर भांडायची हीच पंचाईत, शब्दागणिक ठसका लागतो. रेडिओ भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती.

"काय पाहिजे तुला?" बापाने खोकत विचारलं.

"उद्यापासून मी मिरचीला हात लावणार नाही. परीक्षेपर्यंत नाही."

"बाया नाहीत. चार दिवसांत तोडा उरकला नाही तर झाडावर वाळून जाईल."

"माझ्या ओळीत तुम्ही बसा."

"मी?" बापाने सावलीकडे बघितलं. "खुडायला?"

"दहा बोटं आहेत की तुम्हाला. आणि पंपासाठी दादाला दुसरं सिम आणायला सांगा. हे माझ्याकडे राहील."

ती कोठीत गेली. पोती ओढून खिडकीखाली जागा केली, आणि पुस्तक उघडून बसली. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. तरी उठली नाही.

संध्याकाळी दादा आला. वहिनीने त्याला अंगणातच सगळं सांगितलं. तो कोठीच्या दारात येऊन उभा राहिला, बाजाराची धूळ अंगावर तशीच.

"मीच काढलं ग ते सिम. मला वाटलं, याद्या लागून गेल्या, आता नुसताच पडलेला नंबर आहे."

"विचारायचं होतंस."

"हो," दादा म्हणाला. "विचारायचं होतं." त्याने खिशातून नवीन सिम काढून तिला दाखवलं, जसं काही त्याने काही भरून निघणार होतं, आणि परत खिशात घातलं. त्या रात्री घरात कुणी कुणाला वाढलं नाही. ज्याने त्याने आपलं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप धाकटीच्या ओळीत बसला. त्याला उकिडवं बसता येईना, म्हणून गोणपाट घेऊन मांडी घातली. बायांनी एकमेकींकडे बघितलं. वाटेने जाणारा एक शेजारी थांबला. "काय हो, आज लुगडं नेसायचं राहिलं का?" बाप खुडत राहिला. त्याच्या मानेची शीर तेवढी दिसली.

"मालक, देठासकट," रेडिओ म्हणाली. "बोडकी मिरची वाळताना नासते. असं, अंगठ्याने वर उचलायची. अहो, ओढू नका, झाड उपटाल!"

कोठीच्या खिडकीतून धाकटीला हे सगळं दिसत होतं. तिला वाटलं होतं, बाप असा बसलेला बघून राग निवेल. निवला नाही. उलट त्याची ती वाकडी मांडी, ते चाचपडणारे हात बघून आणखी भडकला, कारण आता त्यात कीवही येऊन मिसळायला बघत होती आणि ती तिला नको होती.

तिसऱ्या दिवशी भर उन्हात बापाने कपाळावरचा घाम पुसला आणि त्याच हाताने डोळा चोळला.

तो धडपडत उठला. गोणपाट पायात आलं. अंगणातल्या हौदाकडे जायचं सोडून तो आंधळ्यासारखा भिंतीशी आला आणि दुसऱ्या हाताने तोच डोळा पुन्हा चोळू लागला. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बायांना त्यांच्या आया सांगतात.

धाकटी खिडकीत होती. तीन हात अंतरावर. ती बघत राहिली. चांगले दहा आकडे मोजण्याइतका वेळ ती नुसती बघत राहिली, आणि हे आपण करतोय ह्याचं तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटणार होतं.

"आधी हात धुवा," ती म्हणाली. "मातीने घासून. मग डोळा. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका."

बापाने हात धुतले. मग डोळ्यावर पाणी मारत राहिला. बऱ्याच वेळाने तो खिडकीशी आला. डोळा टोमॅटोसारखा झाला होता आणि गालावरून धार लागली होती. ती मिरचीची होती की कशाची, कुणी सांगावं.

"तुझी आई असंच म्हणायची," तो म्हणाला.

धाकटीने पेन्सिलीच्या टोकाने पान उलटलं.

"पुढच्या वेळी याद्या लागतील ना, तेव्हा मी जाईन. रोज. केंद्रावर बोर्ड लावतात, तो बघून येईन. एक दिवस चुकवणार नाही."

"तुम्हाला वाचता येत नाही."

"आकडे येतात. काट्यावर वाचतो ते काय मग? तुझा नंबर लिहून दे, मी जुळवून बघेन."

"तुम्ही आयुष्यात कधी कुठला नेम पाळलाय?"

"नाही पाळला," बाप म्हणाला. "म्हणून तर सांगतोय." आणि ओळीत जाऊन बसला.

तोडा उरकला. तिसरा आला, तोही बापाने खुडला. तोवर त्याला देठ राखायला जमू लागलं होतं, आणि रेडिओने त्याला दुसरीत घातल्याचं जाहीर केलं. धाकटीने परीक्षा दिली. मागच्यापेक्षा मार्क चांगले पडले, पण मागच्या वेळी जिच्या हातातोंडाशी आलेली जागा गेली तिने आता कशाचा भरवसा धरायचा? सुट्टीत मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने एक जुना फोन घेतला होता. ठिपक्याचं सिम त्यात होतं आणि फोन सुतळीने गळ्यात. झोपतानाही ती तो काढत नसे.

बापाशी ती कामापुरतं बोलायची. पाणी आलंय. जेवायला चला. बस.

याद्या लागायच्या त्या आठवड्यातला सोमवार. पहाट सरून नुकतं फटफटलं होतं. धाकटी ओट्यावर पुस्तक नसताना पुस्तक असल्यासारखी बसली होती, इतकी सवय झालेली. काल सायंकाळीच तिच्या फोनवर मेसेज आला होता, पहिली यादी गुरुवारी.

बाप गोठ्याकडून आला. चुलीतली राख घेऊन त्याने हौदावर हात घासले, खूप वेळ, नखांच्या कडांतून. मिरचीचा हंगाम संपून महिना झाला होता, हाताला काही नव्हतं. मग धुतलेला सदरा घातला. सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचा एक तुकडा त्याने खिशातून काढला. त्यावर तिचा नंबर होता. तिने लिहून दिला नव्हता. वहिनीकडून त्याने केव्हातरी लिहून घेतला होता. एकेका आकड्यावर बोट ठेवत त्याने तो मनात वाचला, घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला.

बाजारगाव पायी दीड तास. पहिली गाडी नऊशिवाय नव्हती.

"अग, यादी गुरुवारी आहे ना?" वहिनी दारातून कुजबुजली. "सांग की त्यांना. उगाच तीन दिवस पाय तोडतील."

धाकटीने गळ्यातला फोन मुठीत धरला. बापाने वहाणा घातल्या, आणि जाताना तिच्याकडे बघितलं. तिच्या गळ्यातल्या फोनकडेही बघितलं. ह्या फोनवर सगळं आधी कळणार, हे त्याला माहीत होतं. तरी तो वळून निघाला. 

"चालू दे त्यांना," ती वहिनीला म्हणाली.

बाप अंगणातून बाहेर पडला, बांधावर चढला. विहिरीजवळ आला तेव्हा त्याने आतल्या खिशावर एकदा हात ठेवला, कागद आहे ना ते बघायला, आणि पुढे चालू लागला.